घर ताईला, रोकड आम्हाला : असमान वाटणीत कर कोणाला आणि कशावर लागतो?

मधला_भाऊ (धागाकर्ता)

आमच्या वडिलांचे गेल्या वर्षी नाशिक येथे निधन झाले. आई त्यांच्या आधीच गेली होती आणि वडिलांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. आम्ही तीन भावंडे आहोत. ताई नाशिकलाच असते आणि वडिलांची अखेरची सगळी आजारपणे तिनेच काढली. मी पुण्यात नोकरी करतो आणि धाकटी बहीण लग्नानंतर न्यू जर्सीत स्थायिक झाली आहे. मागे राहिलेल्या मिळकतीत एक बंगला आहे. वडिलांनी १९८४ साली भूखंड घेऊन १९८७ साली तो स्वकमाईतून बांधला. रेडी रेकनरप्रमाणे आज त्याचे मूल्य साधारण १ कोटी २० लाख होते. मुदत ठेवी आणि बचत खाते मिळून ६० लाख रुपये आहेत. ठेवींवर नामनिर्देशन माझे असल्यामुळे ही सर्व रक्कम बँकेने माझ्या खात्यात जमा केली आहे.

आमच्यात वाद नाही. बंगला ताईने घ्यावा, रोकडीपैकी ३५ लाख मी आणि २५ लाख धाकटीने घ्यावेत, असे तिघांनी बसून ठरवले. मात्र बंगल्याच्या मानाने माझ्या पदरी कमी पडते असे ताईला वाटते, म्हणून ती स्वतःच्या बचतीतून मला आणखी १५ लाख देऊ इच्छिते. समान वाटणी झाली असती तर प्रत्येकाला ६० लाख आले असते. मग ताईला त्यापेक्षा जे जास्त मिळते त्यावर तिला कर भरावा लागेल का? मला मिळणाऱ्या १५ लाखांचे काय? आणि दस्त कोणता करावा? हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र आणि वाटणीपत्र असे तीन सल्ले तीन जाणत्या माणसांकडून मिळाले आहेत.

हिशोबनीस

मी सनदी लेखापाल आहे. कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्याचे देतो, कारण आपले सगळे जुने कागद आणि निकाल त्याच क्रमांकांनी बोलतात. १ एप्रिल २०२६ पासून लागू असणाऱ्या २०२५ च्या कायद्यात क्रमांक बदलले आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. भारतात आज वारसा कर नाही. १९५३ चा संपदा शुल्क कायदा १९८५ साली गुंडाळला गेला. वारशाने किंवा मृत्युपत्राने मिळालेली मालमत्ता कलम ५६(२)(x) मधून, म्हणजे फुकट किंवा कमी किमतीत मिळालेल्या गोष्टींवर कर लावणाऱ्या कलमातून, वगळलेली आहे, आणि सख्ख्या भावंडांकडून मिळालेली मालमत्ता किंवा रक्कमही, कितीही मोठी असली तरी, 'नातेवाईक' या व्याख्येमुळे वगळलेली आहे. त्यामुळे ताईला ६० लाखांच्या ऐवजी १ कोटी २० लाखांचा बंगला मिळाला, एवढ्याच कारणाने तिच्यावर एक रुपयाचाही कर बसत नाही.

हा वारसा हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम ८ नुसार झाला आहे. मिळकत वडिलांच्या स्वकष्टाची असल्यामुळे २००५ ची दुरुस्ती आणि विनीता शर्मा प्रकरणातील २०२० चा निकाल येथे आणण्याची गरज नाही. ते सगळे सहदायकी, म्हणजे अविभक्त कुटुंबातील जन्मसिद्ध हक्काच्या, मालमत्तेसंबंधी आहे. मुलगा आणि विवाहित मुलगी दोघेही प्रथम वर्गातील वारस असल्याने तुम्हा तिघांचा हिस्सा एक तृतीयांश ठरलेलाच आहे. चंदर सेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली स्पष्ट केल्याप्रमाणे अशी मिळकत ज्याची त्याची वैयक्तिक असते, त्यामुळे हिंदू अविभक्त कुटुंबाची वाटणी म्हणून सवलत मागण्याचा मार्ग तुमच्याकडे नाही.

खरा प्रश्न दुसरा आहे, आणि येथे असमानतेला काहीही महत्त्व नाही. पैसा कोणाच्या खिशातून निघतो हे महत्त्वाचे आहे. वडिलांच्या ६० लाखांतून तुम्हाला ३५ आणि धाकटीला २५ गेले, तर ते वडिलांच्याच संपत्तीचे वाटप आहे. ताई स्वतःच्या बचतीतून १५ लाख देते आणि त्या बदल्यात तुम्ही बंगल्यातील हिस्सा सोडता, असे दस्तात आले की आयकर खाते म्हणू शकते की तुम्ही तुमचा हिस्सा विकला. हक्क सोडणे हे कलम २(४७) च्या 'हस्तांतरण' या व्याख्येत बसते. म्हणजे कराचा प्रश्न जास्त मिळणाऱ्या ताईपुढे उभा राहत नाही, कमी मिळणाऱ्या तुमच्यापुढे उभा राहतो.

मधला_भाऊ

हे मला अगदी अनपेक्षित आहे. १५ लाखांवर भांडवली नफा धरला, तरी वडिलांचा जुना खर्च वजा जाता फारसे काही उरणार नाही, असे समजावे का?

हिशोबनीस

तसे समजू नका. हिशोब १५ लाखांवर थांबेलच असे नाही. जमीन किंवा इमारत मुद्रांक मूल्यापेक्षा (म्हणजे रेडी रेकनरच्या मूल्यापेक्षा) कमी किमतीत हस्तांतरित झाली आणि फरक १० टक्क्यांच्या वर असला, तर कलम ५०क प्रमाणे मुद्रांक मूल्यच विक्री किंमत धरले जाते. तुमच्या एक तृतीयांश हिश्श्याचे मुद्रांक मूल्य ४० लाख होते.

आता मूळ किंमत पाहू. वारशाने आलेल्या मालमत्तेला वडिलांचीच किंमत आणि वडिलांचाच धारणकाळ, म्हणजे मालमत्ता जवळ ठेवल्याचा काळ, लागतो. मालमत्ता १ एप्रिल २००१ पूर्वीची असल्यामुळे त्या दिवसाचे वाजवी बाजारमूल्य घेता येते, फक्त ते त्या दिवसाच्या मुद्रांक मूल्याहून जास्त घेता येत नाही. समजा नोंदणीकृत मूल्यांककाने संपूर्ण बंगल्याचे २००१ चे मूल्य १८ लाख ठरवले. २००१ चा १०० धरून आर्थिक वर्ष २०२५-२६ चा महागाई निर्देशांक ३७६ आहे, म्हणजे निर्देशांकित किंमत ६७.६८ लाख आणि तुमच्या तिसऱ्या हिश्श्याची २२.५६ लाख. ४० लाखांतून ती वजा केली की नफा १७.४४ लाख आणि २० टक्क्यांनी कर सुमारे ३.४९ लाख. निर्देशांक न घेता १२.५ टक्क्यांनी मोजले, तर ३४ लाखांवर ४.२५ लाख. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी निवासी व्यक्तीला या दोन्हींपैकी कमी कर भरण्याची मुभा आहे. अधिभार आणि उपकर मी धरलेले नाहीत. हातात १५ लाख येणार आणि त्यावर साडेतीन लाख कर, असे हे चित्र आहे.

गंमत अशी की ताईला ४० लाखांचा हिस्सा १५ लाखांत मिळाला तरी ती 'नातेवाईक' म्हणून सुटते. कलम ५०क मध्ये मात्र नातेवाइकांसाठी असा अपवाद नाही.

शंकेखोर

मग एवढा खल कशाला करायचा? भावाने विनामोबदला हक्कसोडपत्र करावे आणि ताईने दोन महिन्यांनी प्रेमापोटी भावाला १५ लाख भेट द्यावेत. बहिणीकडून मिळालेली भेट करमुक्त आहे, आणि कलम ४७(iii) प्रमाणे मोबदल्याशिवाय दिलेली भेट म्हणजे हस्तांतरण नव्हे. प्रश्न मिटला.

हिशोबनीस

दोन्ही गोष्टी खरोखर स्वतंत्र असतील, तर आपले म्हणणे बरोबर आहे. पण येथे रक्कम आधीच ठरली आहे, ती हिस्सा सोडण्याशी जोडलेली आहे, आणि तिघांच्या संदेशांतून ते उघड दिसते. ठरलेला मोबदला तारीख पुढे ढकलून 'भेट' म्हणून दाखवणे म्हणजे उद्या चौकशीत शपथेवर खोटे सांगण्याची तयारी ठेवणे होय, आणि तसा सल्ला मी अशिलाला देत नाही. ३० लाख किंवा अधिक मूल्याच्या स्थावर व्यवहारांची माहिती दुय्यम निबंधकाकडून आयकर खात्याकडे जाते. त्यामुळे दस्त कोणाच्या नजरेस पडणार नाही हा भरवसाही चुकीचा आहे.

रोखीत देण्याचा विचार तर मनातही आणू नये. कलम २६९एसटी नुसार दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारली, तर स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

वहिवाट

मी दिवाणी बाजूचा वकील आहे. येथे कौटुंबिक व्यवस्थेचा विचार करायला हवा आणि तो कोणीच मांडलेला दिसत नाही. काळे विरुद्ध उपसंचालक, एकत्रीकरण या १९७६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कुटुंबातील चालू किंवा संभाव्य वाद मिटवण्यासाठी, सर्वांच्या राजीखुशीने आणि प्रामाणिकपणे केलेली व्यवस्था न्यायालयांनी शक्यतो उचलून धरावी. मात्र प्रत्येक पक्षाचा त्या मालमत्तेत आधीपासून काही ना काही हक्क किंवा दावा असला पाहिजे. अशा व्यवस्थेत कोणी कोणाला नव्याने काही देत नाही. आधीच्या हक्काची फक्त निश्चिती होते, असे मानले जाते. म्हणूनच अनेक उच्च न्यायालयांनी अशी व्यवस्था भांडवली नफ्याच्या अर्थाने हस्तांतरण नाही असे ठरवले आहे, आणि हिस्से जुळवण्यासाठी एकाने दुसऱ्याला दिलेली रक्कमही त्याच व्यवस्थेचा भाग धरली आहे.

तुम्ही 'आमच्यात वाद नाही' असे लिहिले आहे. व्यवस्थापत्रात हे वाक्य जसेच्या तसे घालू नका, आणि खोटा वादही रचू नका. ताईने वडिलांसाठी केलेला खर्च, तिने केलेली शुश्रूषा, नामनिर्देशन फक्त तुमच्या नावे असणे आणि धाकटी परदेशात असणे या चार गोष्टींतून पुढे मतभेद होऊ शकतात. ते टाळण्यासाठी ही व्यवस्था आहे, हे लिहिणे पूर्णपणे खरे आहे.

ताईने रुग्णालयाची बिले स्वतः भरली असतील, तर ती रक्कम वाटणीपूर्वी वडिलांच्या पैशांतून तिला परत करता येते. ती वडिलांच्या देण्याची फेड आहे, ताईचे उत्पन्न नाही. 'सेवेचा मोबदला' असे शब्द मात्र कोठेही येऊ देऊ नयेत.

हिशोबनीस

वकीलसाहेबांशी मी सहमत आहे, पण एक बाजू जोडतो. कौटुंबिक व्यवस्था धरली की ताईने दिलेले १५ लाख तिला पुढे बंगल्याची खरेदी किंमत म्हणून दाखवणे कठीण होते, कारण तिने काही विकतच घेतलेले नसते. उलट मोबदल्यासह हक्कसोडपत्र असेल, तर भावाला कर लागतो, पण तेवढ्या हिश्श्यापुरती ताईची किंमत १५ लाख ठरते आणि त्या हिश्श्याचा धारणकाळही नव्याने मोजला जातो. भावाने 'हस्तांतरण नाही' म्हणायचे आणि ताईने 'मी विकत घेतले' म्हणायचे, असे दोन्ही डगरींवर हात ठेवता येणार नाहीत. दोघांच्या विवरणपत्रांतील भूमिका एकच असली पाहिजे.

दस्तनोंदणी

माझी सारी नोकरी नोंदणी खात्यात झाली, म्हणून मुद्रांकाबद्दल लिहितो. आयकर वाचवताना लोक मुद्रांक शुल्क विसरतात.

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात अनुच्छेद ५२(अ) खाली वडिलोपार्जित मिळकतीतील हक्क भाऊ, बहीण, आई-वडील, मुले अशा ठराविक नात्यांत सोडला, तर नाममात्र शुल्क आहे. ते २०० रुपये होते, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० झाले. या नात्यांच्या बाहेर गेलात की खरेदीखताइतके शुल्क लागते. बक्षीसपत्राला ही सवलत भावंडांत मिळत नाही. निवासी घर मुलाला, मुलीला, नातवंडांना किंवा जोडीदाराला दिले तर नाममात्र शुल्क आहे, पण बहिणीला दिले तर बाजारमूल्याच्या ३ टक्के आणि वर स्थानिक अधिभार. तुम्हाला बक्षीसपत्राचा सल्ला देणाऱ्याने हा फरक पाहिलेला नसावा. वाटणीपत्रावर वेगळ्या होणाऱ्या हिश्श्यांच्या मूल्यावर २ टक्के शुल्क असते.

शुल्क दस्ताच्या मथळ्यावर ठरत नाही, मजकुरावर ठरते. वर 'कौटुंबिक व्यवस्थापत्र' लिहून आत १५ लाखांच्या मोबदल्यात हक्क सोडल्याचे लिहिले, तर ५०० रुपयांत काम होईल असे धरून चालू नका. मसुदा पक्का झाला की सह्या करण्यापूर्वी तो मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी द्यावा. शुल्क किती हे तेथे लेखी ठरते आणि पुढची कटकट टळते. मिळकत वडिलांकडे कशी आली आणि त्यांच्याकडून तुमच्याकडे कशी आली, याचे दोन परिच्छेद मसुद्यात नीट लिहा, कारण 'वडिलोपार्जित' शब्दावर लिपिकाची पेन्सिल थांबते हे मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिले आहे.

आणखी एक सूचना. हक्क ताईच्याच नावे सोडा, मेहुण्यांचे नाव सोबत घालू नका. आयकरात बहिणीचा नवरा नातेवाईक आहे, पण अनुच्छेद ५२(अ) च्या यादीत तो नाही.

वहिवाट

नोंदणीबाबत थोडे. तोंडी व्यवस्था आधीच अमलात आली असेल आणि तिची केवळ आठवण म्हणून यादी लिहिली असेल, तर काळे निकालानुसार तिची नोंदणी सक्तीची नाही. ज्या कागदानेच हक्क निर्माण होतो किंवा संपतो, तो मात्र नोंदवावाच लागतो. प्रत्यक्षात नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेवर एकट्या ताईचे नाव लावायचे असेल, तर नोंदणीकृत दस्ताशिवाय तुमची फाइल पुढे सरकणे अवघड आहे. म्हणून नोंदणीच्या खर्चात काटकसर करू नये.

एडिसनकर

न्यू जर्सीत राहणाऱ्या धाकट्या बहिणीविषयी कोणी फारसे लिहिले नाही. आमच्या घरातही अशीच वाटणी झाली असल्यामुळे काही मुद्दे मांडतो.

तिला बंगल्याऐवजी वडिलांच्या पैशांतून रोकड देण्याचा तुमचा निर्णय कराच्या दृष्टीनेही चांगला आहे. निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्याय अनिवासी व्यक्तीला मिळत नाही. शिवाय अनिवासी विक्रेत्याला पैसे देताना कलम १९५ खाली उगमस्थानी करकपात करावी लागते आणि या कपातीला निवासी विक्रेत्यासारखी ५० लाखांची खालची मर्यादा नाही. त्यामुळे ताईने स्वतःच्या खिशातून धाकटीला हिश्श्याचा मोबदला म्हणून काहीही देऊ नये.

२५ लाख तुमच्या खात्यातून तिच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाच्या भारतातील रुपयांच्या खात्यात) जातील तेव्हा ती तुमची भेट नाही, हे कागदावर यायला हवे. नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने पैसे सांभाळणारी असते, मालक नसते. वारशाची रक्कम एनआरओ खात्यातून आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येते, आणि त्यासाठी सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र लागते. अमेरिकेत परदेशी व्यक्तीकडून वर्षात एक लाख डॉलरहून अधिक वारसा किंवा भेट मिळाली तर फॉर्म ३५२० भरावा लागतो. २५ लाख रुपये त्याच्या बरेच खाली आहेत. मात्र परदेशी खात्यांतील एकूण शिल्लक वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली, तर 'एफबार' हा परदेशी खात्यांचा अहवाल अमेरिकेत भरणे बंधनकारक आहे, आणि तिचे एनआरओ खाते ती मर्यादा पहिल्याच दिवशी ओलांडेल. येथे अनेकांचे पाय याच ठिकाणी अडकतात.

तिची सही कुलमुखत्यारपत्राने घेणार असाल, तर ते वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून घ्या आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरा.

मांडवीकाठ

गोव्यातील वाचकांसाठी एक टीप, कारण हा धागा वाचून कोणी गैरसमज करून घेऊ नये. आमच्याकडे उत्तराधिकार पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेतून आलेल्या वेगळ्या कायद्याने चालतो आणि पती-पत्नींची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक असते. त्यामुळे भावाबरोबर वहिनीची आणि बहिणीबरोबर तिच्या नवऱ्याची सहीही लागते. आयकराच्या कलम ५अ प्रमाणे पगार सोडून इतर उत्पन्न, म्हणजे भाडे आणि भांडवली नफाही, नवरा-बायकोत अर्धा-अर्धा विभागून दाखवावा लागतो. वरचा ३.४९ लाखांचा हिशोब येथे दोघांच्या विवरणपत्रांत वाटला गेला असता.

शंकेखोर

माझा मुद्दा मी सोडतो, पण दुसरा विचारतो. ताई बंगला घेते आणि भावंडे रोकड घेतात, तर आकड्यांपलीकडे ताईवर अन्याय होत नाही का? रोकडीवरचा कर वडिलांनी भरून झालेला आहे. बंगल्यावरचा कर अजून कोणीच भरलेला नाही.

हिशोबनीस

या धाग्यावरील हा सर्वांत चांगला प्रश्न आहे, आणि वाटणी करताना तो क्वचितच कोणी विचारतो. ताईने उद्या बंगला १ कोटी २० लाखांना विकला, तर वरच्याच गृहीतकांवर नफा ५२.३२ लाख आणि कर सुमारे १०.४६ लाख होतो. निर्देशांक न घेता तो १२.७५ लाख झाला असता. म्हणजे तिच्या हिश्श्याची खरी किंमत १ कोटी १० लाखांच्या आतच आहे. भावंडांचे ३५ आणि २५ लाख मात्र पूर्णपणे ३५ आणि २५ लाखच आहेत.

ती तेथेच राहणार असेल, तर हा कर केवळ कागदावर राहतो. विकून दुसरे घर घेतले तर कलम ५४ ची सवलत आहे, किंवा विक्रीपासून सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत ५४ईसी या करसवलतीच्या रोख्यांत गुंतवता येतात. म्हणून पूर्ण १०.४६ लाख तिच्या बाजूने वळते करा असे मी म्हणत नाही. पण ताई जेव्हा 'तुला कमी पडते' असे म्हणून १५ लाख काढते, तेव्हा ही बाजूही तिच्यासमोर ठेवायला हवी. माझ्या मते १५ हा आकडा या हिशोबानंतर पुन्हा बसून ठरवावा.

मधला_भाऊ

सर्वांचे मनापासून आभार. काल तिघे व्हिडिओ कॉलवर बसलो आणि वरचा हिशोब ताईला वाचून दाखवला. ताईने रुग्णालयासाठी भरलेले चार लाख आधी वडिलांच्या पैशांतून तिला परत करायचे ठरले. उरलेल्या ५६ लाखांपैकी ३४ लाख मी आणि २२ लाख धाकटी घेईल. ताईच्या बचतीतून मी काही घेणार नाही, हे तिला पटवायला अर्धा तास गेला. व्यवस्थापत्राचा मसुदा वकिलांकडे दिला आहे, त्यानंतर अभिनिर्णय आणि ताईच्या नावे विनामोबदला हक्कसोडपत्र.

एक शेवटची शंका. वडिलांच्या निधनानंतर ठेवी मोडेपर्यंत सात महिन्यांचे व्याज साचले आणि बँकेने त्यावरची करकपात वडिलांच्याच पॅनवर दाखवली आहे. ते व्याज कोणी दाखवायचे?

हिशोबनीस

निधनाच्या तारखेपर्यंतचे व्याज वडिलांचे. त्याचे विवरणपत्र आयकर संकेतस्थळावर त्यांचे कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून तुम्ही भरायचे. त्यानंतरचे व्याज वारसांचे आहे आणि व्यवस्थेत मुद्दल ज्या प्रमाणात वाटले त्या प्रमाणात प्रत्येकाने आपापल्या विवरणपत्रात दाखवावे. बँकेला मृत्यूचा दाखला आणि व्यवस्थेची प्रत देऊन निधनानंतरची करकपात योग्य पॅनवर वळवण्यास लेखी सांगा. हे काम तिमाही विवरण दुरुस्त करून होते, त्यामुळे अर्जाची पोच घ्या आणि विवरणपत्राची मुदत जवळ येण्यापूर्वी पाठपुरावा करा. धाकटीच्या वाट्याचे व्याज ती अनिवासी असल्यामुळे वेगळ्या दराने मोजले जाईल. ते आकडे वेगळे काढून ठेवा.